घरी आणि कार्यक्रमात एकच ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचा झाल्यास कोणता?

शहापूरचा_तारवाला :
नमस्कार मंडळी. गिटारसाठी जुन्या घडणीचा ट्यूब अ‍ॅम्प, म्हणजे काचेच्या नळ्यांवर (ट्यूब किंवा व्हॉल्व) चालणारा अ‍ॅम्प्लिफायर, घ्यायचे ठरले आहे. पैसे एकदाच खर्च करता येणार असल्यामुळे इथल्या जाणकारांचे मत घेतल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे मनाशी ठरवले आहे. घर बेळगावच्या शहापुरात, भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत आहे आणि शेजारी वयस्कर मंडळी राहतात, त्यामुळे घरचा सराव बेताच्या आवाजातच करावा लागतो. कार्यक्रम मात्र तऱ्हेतऱ्हेचे असतात : लग्नाचे स्वागतसमारंभ, गणपतीच्या मंडपातील वाद्यवृंद, आणि हंगामात चोर्ला घाट उतरून गोव्यातील हॉटेलांत ड्रम व बेससोबत वाजवणे.

माझ्यासमोर तीन नावे आहेत. पहिला फेंडरचा '६५ डीलक्स रिव्हर्ब : २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब (स्पीकरला शक्ती देणाऱ्या शेवटच्या टप्प्यातील नळ्या), १२ इंची एक स्पीकर. दुसरा व्हॉक्सचा एसी१५ : १५ वॅट, दोन ईएल८४, १२ इंची एक स्पीकर. तिसरा फेंडरचाच प्रिन्स्टन रिव्हर्ब : साधारण १२ वॅट आणि १० इंची स्पीकर. ट्विन रिव्हर्ब आणि एसी३० ही दोन्ही नावे वजनामुळे मी आधीच बाजूला ठेवली आहेत, कारण ३० किलोच्या आसपासची पेटी जिन्यावरून चढवणे माझ्या पाठीला झेपणारे नाही. ज्यांनी हे अ‍ॅम्प प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांनी, आणि ज्यांचा मुळात ट्यूबलाच विरोध आहे त्यांनीही, मोकळेपणाने लिहावे.

कॅम्पातला_ब्लूजवाला :
वॅटचा आकडा पाहून घरी कोणता अ‍ॅम्प हळू वाजेल हे ठरवायला जाऊ नका. बहुतेक गिटार स्पीकर १ वॅट शक्तीवर १ मीटर अंतरावर ९५ ते १०० डेसिबल आवाज देतात. याचा अर्थ तुमचा अ‍ॅम्प फक्त १ वॅट देत असला तरी खोलीत ऐकू येणारा आवाज शेजाऱ्यांना नकोसा होईल एवढा असतो. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषणाच्या नियमांतील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हे लक्षात घेतले की १२ वॅट आणि २२ वॅट यांतील निवड घरापुरती निरर्थक ठरते.

शक्ती दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. या हिशेबाने फेंडरचा ५ वॅटचा छोटा चँप आणि २२ वॅटचा डीलक्स यांच्यात जेमतेम साडेसहा डेसिबलचा फरक पडतो. उलट ९७ डेसिबलचा स्पीकर काढून त्याच पेटीत १०० डेसिबलचा बसवला, तर अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट केल्याइतका परिणाम फुकटात मिळतो. व्हॉक्सच्या जुन्या पेट्यांतील सेलेस्टियन ब्लू हा स्पीकर १०० डेसिबलचा आहे, पण तो स्वतः १५ वॅटच झेलतो. ग्रीनबॅक ९८ डेसिबलचा असून २५ वॅट झेलतो. तेव्हा तुम्ही अ‍ॅम्पची तुलना करताना खरे तर स्पीकरची तुलना करत असता, हे ध्यानात असू द्या.

माझे मत डीलक्सला आहे. त्याचा स्वच्छ आवाज पेडलांना (आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या छोट्या पेट्यांना) फार चांगला आधार देतो आणि स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून मिळणारा घुमारा) तर त्याच्यासारखा दुसऱ्या कुणाचा मला आवडलेला नाही.

निपाणीचा_वाद्यवृंद :
ब्लूजवाल्यांच्या हिशेबाशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र निष्कर्षाशी नाही. डीलक्स रिव्हर्बवर ट्रेबल आणि बेस अशी दोनच बटणे आहेत. मधल्या स्वरांसाठी बटण नाही, तिथे ठरावीक मूल्याचा रेझिस्टर बसवलेला आहे आणि त्या सर्किटचा स्वभावच मधले स्वर थोडे खाली ठेवण्याचा आहे. एकट्याने वाजवताना हा आवाज अतिशय देखणा वाटतो. आमच्याकडील वाद्यवृंदात मात्र दोन कीबोर्ड, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि गायकांचे आवाज असे सगळे एकाच वेळी चालू असतात, आणि गिटारची जागा नेमकी त्या मधल्या स्वरांतच असते. डीलक्सवाला वादक अशा वेळी आवाज वाढवत राहतो आणि तरीही गिटार मागेच राहते. एसी१५ मात्र कमी आवाजातही गर्दीतून वाट काढतो. शॅडोजचा गिटारवादक हँक मार्विन आणि बीटल्स यांच्या सुरुवातीच्या काळातील गिटारचा आवाज आठवून पाहा. तो याच घराण्यातील आहे.

शहापूरचा_तारवाला :
@निपाणीचा_वाद्यवृंद, हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मनापासून आभार. दोन प्रश्न आहेत. व्हॉक्सच्या सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक नसतो असे वारंवार वाचले आहे. त्याचा वाजवणाऱ्याच्या बोटांना काय फरक जाणवतो? आणि पॉवर ट्यूब बदलताना बायस (नळीतून वाहणाऱ्या स्थिर प्रवाहाची मांडणी) लावून घ्यावा लागतो तो कोणत्या अ‍ॅम्पला?

व्हॉल्व_रेडिओ_दुरुस्ती :
निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे स्पीकरकडे निघालेल्या सिग्नलचा थोडा अंश उलटा करून आधीच्या टप्प्यात परत आणणे. त्यामुळे अ‍ॅम्पची मूळची विकृती कमी होते आणि स्पीकरवर ताबा राहतो. डीलक्स बराच वेळ स्वच्छ राहतो आणि मर्यादा ओलांडली की एकदम फाटू लागतो, म्हणजे आवाज खरबरीत होतो, याचे एक कारण हे आहे. व्हॉक्सच्या एसी१५ आणि एसी३० यांच्या मूळ रचनेत हा फीडबॅक नाही, म्हणून तिथे स्वच्छ आणि फाटलेला यांच्यामधली सीमा पुसट असते : तार हळू छेडली तर गोड, जोरात छेडली तर कडवट, आणि मधल्या सगळ्या छटा बोटांच्या दाबावर मिळतात.

बायसबद्दल. डीलक्स आणि प्रिन्स्टन फिक्स्ड बायसचे आहेत, म्हणजे त्यांत बायस बाहेरून ठरवून द्यावा लागतो. पॉवर ट्यूब बदलल्या की जाणत्या माणसाकडून प्रवाह मोजून घेणे योग्य. व्हॉक्स कॅथोड बायसचा आहे, तिथे नळी तो आपोआप साधते, म्हणून जुळणारी जोडी घातली की बहुधा काम भागते. मात्र ईएल८४ ही लहान नळी व्हॉक्समध्ये तिच्या क्षमतेच्या काठावर, तापत चालते, त्यामुळे ६व्ही६च्या तुलनेत ती लवकर थकते असे माझे दुरुस्तीच्या टेबलावरचे निरीक्षण आहे.

थोडे विषयाच्या कडेने लिहितो. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी आपल्याकडील रेडिओंसाठी व्हॉल्व बनवले आणि त्यात ईएल८४ व ईसीसी८३ हेही होते. ईसीसी८३ म्हणजेच अमेरिकी लोकांची १२एएक्स७, जी तुमच्या तिन्ही अ‍ॅम्पमध्ये आहे. जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या खोक्यांत अजूनही असे नग कधीकधी सापडतात आणि टेस्टरवर खरे उतरले तर ते वापरण्यास मुळीच हरकत नाही. नव्या नळ्या आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात.

मिरजेचा_श्रोता :
मी वेगळी बाजू मांडतो. ट्यूबच्या आवाजाबद्दलचे प्रेम मला समजते. आमच्या गावी तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर घोडीवरच्या धाग्याला केसभर हलवतो आणि एका तारेतून स्वरांचा पिसारा उलगडतो, तसेच काहीसे पॉवर ट्यूब आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (नळ्या आणि स्पीकर यांना जोडणारा) गिटारच्या तारेचे करतात. पण तो पिसारा उलगडण्यासाठी अ‍ॅम्प जोरात वाजवावा लागतो, आणि प्रश्नकर्त्यांना घरी तो जोरात वाजवताच येणार नाही. मग ज्या गोष्टीसाठी पैसे मोजायचे, ती गोष्टच बंद कपाटात राहिली.

२०१९ साली फेंडरने टोन मास्टर नावाने डीलक्स रिव्हर्बची नळ्यांशिवायची डिजिटल आवृत्ती आणली. तिचे वजन साडेदहा किलोच्या आसपास आहे, म्हणजे १९ किलोच्या मूळ पेटीच्या जवळपास निम्मे. मागच्या बाजूच्या खटक्याने तिची शक्ती २२ वॅटपासून पायरीपायरीने ०.२ वॅटपर्यंत उतरवता येते, आणि साउंडवाल्याला थेट वायर देता येते. तुमच्या गरजेला ती तंतोतंत बसते.

चर्चकॉयर_बेळगाव :
मिरजेच्या श्रोत्यांशी मी अर्धी सहमत आहे. मी कॅम्पातील चर्चमध्ये आणि लहान कार्यक्रमांत प्रिन्स्टन वापरते आणि घरीही तोच अ‍ॅम्प आहे. घरी आवाजाचे बटण २ च्या खाली असतानाही तार छेडल्यावर मिळणारा प्रतिसाद मला डिजिटल अ‍ॅम्पमध्ये त्याच गुणाचा वाटला नाही. फाटलेला आवाज हेच काही ट्यूबचे सर्वस्व नव्हे; प्री-अ‍ॅम्पच्या, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातील, नळ्या आणि स्पीकर हळू आवाजातही आपले काम करत असतात.

घरातील हळू आवाज पातळ वाटतो, याचे खापर प्रत्येक वेळी अ‍ॅम्पवर फोडू नये. माणसाचा कान कमी आवाजात खालचे आणि अगदी वरचे स्वर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. म्हणून मी घरी बेस थोडा वाढवते आणि कार्यक्रमात तो परत खाली आणते.

शेवटचे, कार्यक्रमाविषयी. १० इंची स्पीकरचा प्रिन्स्टन उघड्या मंडपात एकटा पुरणार नाही, पण समोर मायक्रोफोन ठेवला की त्याने पुरायची गरजच उरत नाही. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून पायांना ऐकवण्यापेक्षा तिरक्या स्टँडवर ठेवा. वरचे स्वर स्पीकरच्या तोंडासमोर सरळ रेषेत जातात आणि ते तुमच्या कानांकडे यायला हवेत. एवढे केले की १२ वॅटही रंगमंचावर भरपूर होतात.

कॅम्पातला_ब्लूजवाला :
@मिरजेचा_श्रोता, जवारीची उपमा मनापासून पटली. डिजिटलविषयी माझी हरकत एवढीच आहे की त्यातला मुख्य बोर्ड बिघडल्यास तो बदलण्यावाचून उपाय नसतो आणि तो इथे मिळत नाही. नळीचा अ‍ॅम्प मात्र सर्किटचा कागद हाती असला तर बेळगावातलाच कुणी जाणता माणूस दुरुस्त करू शकतो. १९६३ मध्ये निघालेल्या डीलक्स रिव्हर्बचे मूळ नग आजही वाजत आहेत.

मिरजेचा_श्रोता :
हे मान्य आहे. फक्त असा जाणता माणूस आधी शोधून ठेवावा आणि नंतर अ‍ॅम्प घ्यावा.

अर्थिंग_आधी :
आतापर्यंतची सगळी चर्चा आवाजाची झाली. मी इलेक्ट्रिशियन आहे आणि हौसेने बेस वाजवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कृपया कुणी हा भाग वगळून पुढे जाऊ नये.

पहिली गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्पच्या लोखंडी चॅसीशी जोडलेल्या असतात. मंडपातील एका बोर्डावर अ‍ॅम्प आणि दुसऱ्या बोर्डावर ध्वनियंत्रणा असेल, आणि दोहोंपैकी एकाचे अर्थिंग तुटलेले असेल, तर एका हातात गिटार धरून ओठ मायक्रोफोनला लावणाऱ्या माणसाच्या शरीरातून प्रवाह वाहू शकतो. स्टोन द क्रोज या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ मध्ये स्वान्सी येथील रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावल्याने गेला. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. तसे कधीही करू नका आणि दुसऱ्याला करू देऊ नका. कार्यक्रमाला जाताना साधा सॉकेट टेस्टर खिशात ठेवा, शक्य असेल तिथे अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या, आणि त्या बोर्डावर आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावा असा आग्रह मंडळाकडे धरा.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट गेला तर तो तिथेच संपतो, हे सर्वांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की, फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर चालवला तर व्होल्टेज बरोबर असूनही त्याच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो जास्त तापतो. त्याशिवाय बाजारातील अनेक स्वस्त स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरांतून अर्थिंग पुढे जातच नाही. म्हणून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचाच अ‍ॅम्प घ्यावा.

जनरेटरवर विशेष लक्ष द्यावे. नळीच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि त्यात दहा टक्क्यांपेक्षा अधिक चढउतार चांगला नसतो. जनरेटर २५५ व्होल्ट देऊ लागला की ते ७ व्होल्टवर जातात आणि नळ्यांचे आयुष्य घटते. खेड्यातील लांब लाइनवर संध्याकाळी १९० व्होल्ट मिळाले तर अ‍ॅम्प मंद आणि सैल वाजतो. मी मीटर लावून पाहिल्याशिवाय प्लग घालत नाही, आणि पुरेशा क्षमतेचा चांगला स्टॅबिलायझर ही अ‍ॅम्पच्या किमतीतच धरायची वस्तू आहे, असे मी मानतो.

व्हॉल्व_रेडिओ_दुरुस्ती :
अर्थिंगवाल्यांनी फार महत्त्वाचे लिहिले. त्याला जोडून दोन सूचना. स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवू नये; भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळते आणि तो जळतो. आणि मागची फळी उघडून आत हात घालू नये. डीलक्समध्ये ४०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो.

घाटाखालचा_खानापूरकर :
आमच्या खानापूर भागात पावसाळ्यात भिंतींनाही पाझर फुटतो. स्पीकरचा कागदी कोन, नळ्यांचे सॉकेट आणि पेटीवरचे कापड यांना या ओलाव्याचा किती त्रास होतो? कुणी वर्षानुवर्षे वापरले असल्यास सांगावे.

व्हॉल्व_रेडिओ_दुरुस्ती :
चालू असलेल्या अ‍ॅम्पला ओलाव्याचा त्रास कमी होतो, कारण त्याची स्वतःची ऊब असते. बंद ठेवलेल्याला जास्त होतो. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी तासभर वाजवावा. पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून न ठेवता लाकडी पाटावर ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नये, आतच बुरशी धरते. आवाज खरखरू लागला तर नळ्या बदलायची घाई करू नका. आधी जाणत्याकडून सॉकेट आणि जॅक साफ करून घ्या.

निपाणीचा_वाद्यवृंद :
घरच्या आवाजाकडे परत येतो. आजच्या एसी१५ कस्टमला मास्टर व्हॉल्यूम (शेवटचा एकूण आवाज वेगळा कमी करणारे बटण) आहे, डीलक्सला आणि प्रिन्स्टनला नाही. मास्टर खाली ठेवला की फाटलेला आवाज प्री-अ‍ॅम्पमधून येतो. तो पॉवर ट्यूबच्या आवाजासारखा भरीव नसतो हे मी कबूल करतो, पण शेजारी झोपलेले असताना वाजवता येतो. डीलक्सवाल्यांना त्यासाठी पेडल किंवा वेगळा अ‍ॅटेन्युएटर (अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये बसून शक्ती शोषणारी पेटी) घ्यावा लागतो.

चर्चकॉयर_बेळगाव :
अ‍ॅटेन्युएटरबद्दल एक खबरदारी. त्यामुळे आवाज कमी होतो, पण अ‍ॅम्प आत पूर्ण ताकदीनेच राबत असतो. नळ्या तेवढ्याच तापतात आणि झिजतात. त्याचा ओहम आकडा अ‍ॅम्पच्या आकड्याशी जुळलाच पाहिजे. मला विचाराल तर स्वच्छ आवाज आणि समोर एक चांगले ओव्हरड्राइव्ह (आवाज फाटल्यासारखा करणारे) पेडल, एवढ्यावर घरचा सराव उत्तम होतो.

शहापूरचा_तारवाला :
सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल ऋणी आहे. माझा कल आता असा झाला आहे. उघड्या मंडपात ध्वनियंत्रणा असतेच आणि मायक्रोफोन लागणारच आहे, त्यामुळे २२ वॅटचा मोह उरलेला नाही. गोव्यातील हॉटेलांत जागा लहान असते आणि ड्रमवालाही सांभाळून वाजवतो. माझी बहुतेक मिळकत वाद्यवृंदातून होते, म्हणून मधल्या स्वरांचा मुद्दा मला निर्णायक वाटतो. तेव्हा एसी१५, तोही २३० व्होल्टचा, आणि सोबत स्टॅबिलायझर व सॉकेट टेस्टर. पण घेण्यापूर्वी माझी स्वतःची गिटार आणि पेडल नेऊन एसी१५ आणि डीलक्स शेजारी शेजारी ठेवून, आवाज सारखा राखून ऐकणार आहे.

कॅम्पातला_ब्लूजवाला :
निर्णय तुमच्या कामाला साजेसा आहे, तरी माझे मत डीलक्सलाच राहील. शेजारी शेजारी ऐकताना दोन्ही वेळा उभे राहून, पाच-सहा हात मागे सरकून ऐका. जो अ‍ॅम्प किंचित मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो, म्हणून फोनवरच्या ध्वनिमापकाने दोन्हींची पातळी जुळवून घ्या. आणि शक्य झाले तर सोबत कुणाला तरी कीबोर्ड वाजवायला सांगा, म्हणजे निपाणीकरांचे म्हणणे तिथेच पडताळता येईल.

अर्थिंग_आधी :
कार्यक्रमाच्या पिशवीत ईएल८४ची जुळवलेली एक जोडी, ईसीसी८३चा एक नग आणि मूळच्याच आकड्याचे फ्यूज ठेवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या आकड्याचा घालू नका. बहुधा एखादी पॉवर ट्यूब गेलेली असते. अ‍ॅम्प बंद करून, प्लग काढून, नळ्या गार झाल्यावरच जोडी बदला. गणपतीच्या दिवसांत तुमचा कार्यक्रम कोणत्या मंडपात आहे ते कळवा, बोर्डाचे अर्थिंग मी स्वतः येऊन तपासून देईन.